प्रवाळांच्या टँकमधील माशांवर पांढरे ठिपके: औषध कोठे आणि कसे द्यावे?

सागरनीळ (प्रश्न)

माझ्या ४०० लिटरच्या समुद्री टँकमध्ये मऊ आणि कठीण अशा दोन्ही प्रकारचे प्रवाळ, कोळंबी, गोगलगायी आणि पाच मासे आहेत. नव्याने आणलेल्या पावडर ब्लू टँग या माशाच्या अंगावर मिठाच्या कणांएवढे पांढरे ठिपके दिसले. ते काही दिवसांत आपोआप नाहीसे झाले. परंतु नंतर अधिक संख्येने परतले आणि आता क्लाउनफिशच्या परांवरही दिसत आहेत. मासे अजून खात आहेत, मात्र टँग वारंवार खडकाला अंग घासतो. प्रवाळांना अपायकारक नसल्याचे सांगून विकले जाणारे एक द्रव औषध, लसणाचा अर्क आणि सफाई करणारी कोळंबी असे तीन उपाय मला सुचवण्यात आले आहेत. यांपैकी कशाने रोग जाईल, की मासे बाहेर काढणे अपरिहार्य आहे? मासे पकडायचे तर खडकांची निम्मी रचना मोडावी लागेल, म्हणून आधी विचारत आहे.

क्षारजल

वर्णनावरून हा मरीन इक, म्हणजे क्रिप्टोकॅरियन इरिटन्स नावाचा केसल (अंगावर केसांसारखे बारीक तंतू असलेला) एकपेशीय परजीवी असण्याची शक्यता सर्वाधिक आहे. ठिपके नाहीसे झाले याचा अर्थ मासा बरा झाला असा होत नाही. माशाच्या त्वचेच्या वरच्या थराखाली ३ ते ७ दिवस पोसल्यानंतर परजीवी स्वतःहून गळून पडतो, वाळूला किंवा खडकाला चिकटतो आणि स्वतःभोवती कोष तयार करतो. त्या कोषात विभाजन होऊन दोनशेपर्यंत पोहणारी पिल्ले बाहेर पडतात आणि त्यांना एक-दोन दिवसांत मासा सापडला नाही तर ती मरतात. ठिपके मधेच दिसेनासे होऊन अधिक संख्येने परतणे हे याच चक्राचे दृश्य रूप आहे. शिवाय या काळात कल्ल्यांमध्ये परजीवी असला तरी तो बाहेरून दिसत नाही.

औषधाचा मारा चालतो तो केवळ पोहणाऱ्या अवस्थेवर. त्वचेखालचा परजीवी आणि कोषातला परजीवी दोघेही सुरक्षित असतात. तांबे हे खात्रीचे औषध खरे, परंतु त्याची उपचारापुरती मात्राही कोळंबी, गोगलगायी आणि प्रवाळ यांना मारते, आणि चुनखडीचे खडक व वाळू ते शोषून घेत असल्याने मात्रा स्थिर राहतच नाही. प्रवाळांना पूर्णपणे निर्धोक आणि तरीही या परजीवीचा निश्चित नाश करणारे द्रव औषध माझ्या पाहण्यात नाही. लसणाने फार तर माशाची भूक वाढेल, आणि सफाई करणारी कोळंबी त्वचेखाली बसलेला परजीवी वेचून काढू शकत नाही. तेव्हा रचना मोडावी लागली तरी पाचही मासे बाहेर काढून उपचारासाठी वेगळ्या टँकमध्ये ठेवावेत. एक जरी मासा आत राहिला तरी चक्र चालूच राहते.

खोलपाणी

क्षारजल यांच्याशी सहमत आहे, पण खडक हलवण्यापूर्वी हा व्हेल्व्हेट नावाचा दुसरा रोग नाही एवढे पाहून घ्या, कारण तो असल्यास हाताशी वेळ दिवसांचा नव्हे, तासांचा असतो. ॲमिलूडिनियम ओसेलाटम या परजीवीमुळे होणाऱ्या त्या रोगात वेगळे मोजता येतील असे ठिपके दिसत नाहीत. तिरप्या प्रकाशात अंगावर बारीक भुकटीचा थर दिसतो, आणि कित्येकदा तोही दिसण्यापूर्वी मासा धापा टाकू लागतो, उजेड टाळतो व पंपाच्या प्रवाहात तोंड करून थांबतो. मासे खात आहेत ही आपल्या बाबतीत दिलासा देणारी खूण आहे.

उपचाराचे तीन मार्ग प्रचलित आहेत. पहिला तांब्याचा: साध्या आयनिक तांब्याची मात्रा लिटरला ०.१५ ते ०.२० मिलिग्रॅम, तर चिलेटेड (दुसऱ्या रेणूशी बांधलेल्या) तांब्याची २.० ते २.५ मिलिग्रॅम ठेवतात. हे दोन आकडे एकमेकांच्या जागी वापरले गेले तर एकीकडे मासे मरतील किंवा दुसरीकडे परजीवी जगतील, म्हणून आपले उत्पादन कोणत्या प्रकारचे आहे आणि आपली चाचणी ते अचूक मोजते का, हे आधी तपासावे. मात्रा दोन-तीन दिवसांत हळूहळू वाढवून सलग ३० दिवस टिकवावी. ती मध्येच खाली घसरली तर मोजणी नव्याने सुरू करावी. उपचाराच्या टँकच्या फिल्टरमध्ये सक्रिय कार्बन ठेवू नये, तो तांबे काढून टाकतो.

दुसरा मार्ग पाण्याचा खारेपणा उतरवण्याचा, म्हणजे विशिष्ट गुरुत्व १.००९ वर आणून ठिपके गेल्यानंतरही ३० दिवस तेथेच ठेवण्याचा. यात रिफ्रॅक्टोमीटर (खारेपणा मोजणारे उपकरण) नीट जुळवलेला हवा, कारण १.०१२ वर हा परजीवी तग धरतो. काही वाण तर १.००९ लाही दाद देत नाहीत आणि व्हेल्व्हेटवर याचा उपयोगच होत नाही, त्यामुळे मला स्वतःला हा मार्ग फारसा पसंत नाही.

तिसरा मार्ग टँक बदलण्याचा. दर ७२ तास पूर्ण होण्याआधी मासे पूर्णपणे कोरड्या व स्वच्छ केलेल्या दुसऱ्या टँकमध्ये हलवायचे, असे चार वेळा. गळून पडलेला परजीवी कोष फोडून बाहेर येईपर्यंत मासे तेथून गेलेले असतात. औषध लागत नाही, पण जाळे, हीटर, हवेचा दगड असे सर्व साहित्य दोन संच लागते.

लाटेकाठी

एक वेगळे मत नोंदवतो. मोठ्या टँकमध्ये यूव्ही (अतिनील किरणांचा) दिवा, उत्तम आहार आणि स्थिर पाणी यांच्या आधारे मासे इकसह वर्षानुवर्षे जगल्याची उदाहरणे आहेत. प्रत्येक वेळी सगळी रचना मोडलीच पाहिजे असे मला वाटत नाही.

खोलपाणी

मासे जगतात हे मान्य आहे. सौम्य संसर्गातून वाचलेल्या माशात काही काळ प्रतिकारशक्तीही येते आणि यूव्हीमुळे पाण्यातील पोहणाऱ्या पिल्लांची संख्या घटते. मात्र दिव्यातून न गेलेली पिल्ले माशापर्यंत पोहोचतच राहतात. येथे तर पावडर ब्लू टँग आहे, आणि या जातीला इक फार लवकर गाठतो. ठिपके क्लाउनफिशपर्यंत पोहोचलेले असताना मी वाट पाहणार नाही.

सागरनीळ

सर्वांचे आभार. तांब्याचा मार्ग घेण्याचे ठरवतो आहे. उपचाराच्या टँकमध्ये लाइव्ह रॉक (उपयुक्त जिवाणू वसलेले खडक) घालता येणार नसेल, तर ॲमोनिया कसा आवरावा? आणि मुख्य टँक किती दिवस माशांविना ठेवावा?

क्षारजल

स्पंज फिल्टर मुख्य टँकच्या संपमध्ये (जोडलेल्या गाळणीच्या टाकीत) आधीपासून ठेवलेला असेल तर त्यावर जिवाणू वाढलेले असतात आणि तोच उपचाराच्या टँकमध्ये वापरता येतो. नसेल तर जिवाणूंचे तयार द्रावण घालून, थोडे थोडे खाऊ देऊन, रोज ॲमोनिया मोजून पाणी बदलावे. बदलाच्या पाण्यात आधीच तेवढ्याच मात्रेचे तांबे मिसळावे, म्हणजे पातळी घसरत नाही. ॲमोनिया निष्प्रभ करणारी क्षपणकारी रसायने तांब्यासोबत वापरू नयेत, कारण त्यांच्यामुळे तांबे माशांसाठी अधिक विषारी होऊ शकते. वाळू नको, लपण्यासाठी प्लॅस्टिकच्या पाइपचे तुकडे पुरतात. टँग आणि क्लाउनफिश तांबे सहसा सोसतात. उरलेल्या तिघांत रॅस, बटुके एंजलफिश किंवा मँडरिन असल्यास मात्रा आणखी सावकाश वाढवावी.

मुख्य टँक ७६ दिवस माशांविना ठेवण्याची प्रथा आहे, कारण प्रयोगांत ७२ दिवसांपर्यंत उशिरा फुटलेले कोष नोंदले गेले आहेत. बहुतेक कोष याच्या कितीतरी आधी फुटतात. कोळंबी, गोगलगायी व प्रवाळ यांच्या अंगावर हा परजीवी पोसला जात नाही, म्हणून त्यांना तेथेच राहू द्यावे आणि कोळंबीला अधूनमधून खाऊ द्यावा. दोन्ही टँकसाठी एकच जाळे किंवा नळी वापरू नये आणि ओल्या हाताने एकातून दुसऱ्यात जाऊ नये. या काळात नवा प्रवाळ किंवा गोगलगाय आणली तर तिच्या बुडाशी किंवा शिंपल्यावर कोष चिकटून येऊ शकतो, आणि मग ७६ दिवसांची मोजणी त्या दिवसापासून पुन्हा सुरू करावी लागते.