मेस्सीच्या मागे नक्की कोण पळतं? अर्जेंटिनाची फॉर्मेशन समजवा कोणीतरी

२०२२ च्या फुटबॉल वर्ल्डकपची अर्जेंटिना-फ्रान्स फायनल परत बघतोय आणि डोकं चक्रावलंय. त्याआधी नेदरलँड्सविरुद्ध कोच स्कलोनीने मागे ५ जण ठेवले, क्रोएशियाला ४-४-२ (डिफेन्स-मिडफील्ड-अटॅक), आणि फ्रान्सला थेट ४-३-३, तेही विंगर डी मारियाला डावीकडे टाकून. भारीच डाव होता, त्याच्यासमोरच्या फ्रान्सच्या डिफेंडर कुंडेला काही सुचतच नव्हतं. पण मला कळत नाहीये ते हे की मेस्सी डिफेन्सला फारसा येत नाही मग उजवी बाजू एकटा मिडफील्डर डी पॉल सांभाळतो का, की स्ट्रायकर अल्वारेझपण खाली येतो? मिडफील्डर एन्झो तर मधूनच हलत नाही. आणि ६४व्या मिनिटाला डी मारियाच्या जागी डिफेंडर अकुन्या आल्यावर शेप नेमका काय झाला? जाणकारांनो, जरा सोप्या भाषेत सांगा ना.