निउएच्या शाळेला जुने कॉम्प्युटर पाठवण्याबद्दल

नमस्कार मंडळी,
आमच्या ऑफिसात सगळे डेस्कटॉप बदलताहेत. जुने वीसेक आपल्याला फुकट मिळतील, चालू स्थितीतले. निउए या दक्षिण पॅसिफिकमधल्या छोट्या बेट-देशातल्या प्राथमिक शाळेसाठी दिवाळीला वर्गणी काढायचं ठरलंच आहे, तर पैशांऐवजी हेच पाठवूया का? जहाजाचं भाडं मंडळातून देता येईल. रविवारपर्यंत कळवा.
सहसचिव, ऑकलंड

दादा,
तुमची तळमळ समजते, तरी माझा याला विरोध आहे.

कॉम्प्युटर ही निउएला नवलाई नाही. २००८ मध्येच ‘वन लॅपटॉप पर चाइल्ड’ योजनेतून तिथल्या प्रत्येक शाळकरी मुलाला लॅपटॉप मिळाला. जेमतेम ५०० लॅपटॉपमध्ये अख्ख्या देशातली मुलं झाली. असा तो जगातला पहिलाच देश. ते लॅपटॉप मुद्दाम धूळ-पाण्याला टिकतील असे बनवलेले होते. आपले डेस्कटॉप आयुष्यभर एसीत राहिलेले. खाऱ्या, दमट हवेत त्यांचे पंखे आणि पिना गंजणार, आणि सुटा भाग हवा तर तो पुन्हा इथूनच जायला हवा.

मला खरी काळजी आहे ती ते बंद पडल्यावरची. निउए म्हणजे समुद्रातून वर आलेला प्रवाळाचा खडक, सुमारे २६० चौरस किलोमीटरचा. नदी नाही, ओढा नाही. पाणी प्यायचं ते पावसाचं, नाहीतर चुनखडीत मुरलेलं उपसून. त्याच खडकात सर्किट बोर्ड पुरायचे? नाही पुरले तर आपली खोकी त्यांनी स्वतःच्या खर्चाने परत पाठवायची. आपली अडगळ त्यांच्या दारात टाकण्याला मी मदत म्हणणार नाही.

मोठ्या बांधकामांची चिंता आपण करू नये. १९७४ पासून निउए स्वयंशासित आहे, आणि त्याला लागणारी आर्थिक मदत देणं न्यूझीलंडवर कायद्यानेच आहे. मोठ्या निधीतून इमारत होते, यंत्रं येतात. मागे राहते ती देखभाल. गळका पत्रा, खिडकीची जाळी, डीह्युमिडिफायर, वीज वरखाली झाली तर मशीन वाचवणारी पट्टी. अशा खर्चाला सहसा दाता मिळत नाही, कारण त्यावर नावाची पाटी लावता येत नाही. जानेवारी २००४ च्या हेटा वादळात राजधानी अलोफीचं इस्पितळसुद्धा गेलं. अशा ठिकाणी आधी छप्पर, मग कॉम्प्युटर.

वर्गणी रोखच द्या. आणि काय हवं ते आधी शाळेला विचारा.
तुमची काकू, हॅमिल्टन

काकू, पटलं.
निउएची माणसं बेटापेक्षा इथे ऑकलंडमध्येच जास्त आहेत. आमच्या शेजारच्या आजी तिथल्याच, त्यांची भाची त्याच शाळेत शिकवते. आज संध्याकाळी आजींकडून भाचीचा पत्ता घेते आणि शाळेच्या गरजांची यादी मागवते. दादा, डेस्कटॉप इथल्याच दुरुस्ती केंद्राला देता येतील का, बघाल?
खजिनदार