बोथट सुरीने सुरुवात नको

मुलांना सुरी वापरायला शिकवताना 'आधी बोथट सुरी द्या, सराव झाला की धारदार' असा सल्ला दिला जातो, तो मला पटत नाही. बोथट पातं कापत नाही म्हणून मूल जोर लावतं, आणि जोरात दाबलेलं पातं घसरलं की ते कुठे जाईल यावर ताबा राहत नाही. लहान मुठीत बसेल अशी, पण चांगली धार असलेली सुरी द्यावी आणि शेजारी बसावं. पूर्ण वेळ, फोन बाजूला ठेवून.

आणखी एक गोष्ट शिकवायला हवी: निसटलेली सुरी झेलायची नाही. पडणारी वस्तू पकडायला हात आपोआप पुढे जातो, त्यामुळे नुसतं सांगून भागत नाही. मी मुलीला लाकडी चमचा मुद्दाम पाडायला लावत असे; चमचा सुटला की हात वर, पाय मागे. ती कंटाळायची, तरी करून घेतलं. लाकूड तासण्याआधी स्काउटमधली पद्धतही शिकवावी: पातं मिटलेलं असताना हात लांब करून स्वतःभोवती फिरायचं, त्या वर्तुळात कुणी असेल तर सुरी उघडायचीच नाही. हे तपासण्याची जबाबदारी मात्र मुलाकडेच द्यावी.