मेकॅनिकल मॉडवर ०.१५ ओहमची कॉइल: सेलवरचा कोणता आकडा खरा धरावा?

प्रश्न:
आजवर मी ई-सिगारेटसाठी सर्किट असलेलेच उपकरण वापरले असून मेकॅनिकल मॉड, म्हणजे सर्किट नसलेले, सेलचा प्रवाह थेट कॉइलला देणारे उपकरण, प्रथमच हाती घेतला आहे. माझ्या अटॉमायझरमध्ये, म्हणजे द्रव तापवून वाफ करणाऱ्या भागात, ०.१५ ओहमची दुहेरी कॉइल (तापणारी तार) आहे. माझ्याकडील १८६५० (दंडगोलाकार लिथियम-आयन) सेलच्या वेष्टनावर ४० अँपिअर छापले आहे, पण माहितीपत्रकात अखंड प्रवाहाची मर्यादा २० अँपिअर दिली आहे. हिशेब कोणत्या आकड्याने करावा?

पहिले उत्तर:
२० अँपिअरनेच करावा. वेष्टनावरचा मोठा आकडा बहुधा क्षणिक प्रवाहाचा असतो, आणि तो क्षण किती सेकंदांचा धरायचा याबाबत उत्पादकांमध्ये एकवाक्यता नाही. पूर्ण चार्ज झालेला सेल ४.२ व्होल्ट देतो, त्याला ०.१५ ने भागले की २८ अँपिअर येतात, म्हणजे मर्यादेपेक्षा ८ अधिक. तेव्हा ही कॉइल या सेलवर लावू नका. २० अँपिअरची सीमा ०.२१ ओहमवर येते, परंतु अगदी सीमेवर राहणेही मला पटत नाही, कारण सेल जुना होतो तसा त्याचा अंतर्गत रोध वाढतो आणि तेवढ्याच प्रवाहाला तो अधिक तापतो. ०.३ ओहमला १४ अँपिअर लागतात. नवख्याने तिथून सुरुवात करावी. भार पडला की व्होल्टेज उतरते, म्हणून ४.२ ऐवजी ३.७ ला रोधाने भागावे, असे काही जण सांगतात. तसे करू नका. चुकीची कॉइल ओळखून प्रवाह रोखणारे सर्किट तुमच्या आधीच्या उपकरणात होते, इथे ते काम तुमच्या हिशेबालाच करायचे आहे.

दुसरे उत्तर:
वरील हिशेब अचूक आहे, पण तो केल्यावरही अपघात होऊ शकतो. तुमचा मॉड हायब्रिड असेल, म्हणजे अटॉमायझरच्या तळाची मधली पिन थेट सेलला टेकत असेल, तर ती पिन भोवतालच्या स्क्रूच्या आट्यांच्या कडेपेक्षा स्पष्ट बाहेर आलेली असली पाहिजे. ती कडेशी समतल असेल, तर सेलचे धन टोक ऋण असलेल्या आट्यांना टेकून थेट शॉर्ट सर्किट होते आणि मग कॉइल कितीही ओहमची असली तरी उपयोग नाही. सेलचेही वरचे टोक उजेडात धरून पाहा: धन टोकाभोवतीची पांढरी कडी जागेवर हवी आणि तिच्यावर दुमडलेले वेष्टन कुठेही फाटलेले नको. टोपीखालचा सगळा धातूचा डबा ऋण असतो, त्यामुळे तिथला नखाएवढा चिराही मी चालवून घेत नाही. मॉडला वायू बाहेर पडण्याची छिद्रे आहेत ना, तेही पाहा.

प्रश्नकर्ता:
मनापासून आभार. रोध मल्टिमीटरने मोजला तर चालेल का? आणि दोन सेलचा मॉड घेतल्यास भार विभागला जाईल का?

पहिले उत्तर देणारे:
साध्या मल्टिमीटरच्या दोन्ही तारा एकमेकींना टेकवून पाहा. पुष्कळदा तिथेच ०.१ ते ०.२ ओहम दिसतात, त्यामुळे ०.१५ मोजायला तो निरुपयोगी ठरतो. कॉइलसाठीचा ओहममापक वापरा. दोन सेल समांतर जोडले असतील तर प्रवाह त्यांच्यात विभागला जातो. एकसरीत मात्र व्होल्टेज ८.४ होते आणि संपूर्ण प्रवाह प्रत्येक सेलमधून जातो, म्हणजे १४ अँपिअर घेणारी तीच ०.३ ची कॉइल तिथे २८ घेईल. तूर्त एकाच सेलवर राहा.

प्रश्नकर्ता:
पिन पाहिली, ती कडेशी समतलच आहे. हा अटॉमायझर जुन्या उपकरणावरच ठेवतो आहे. मॉडसाठी बाहेर आलेल्या पिनेचा दुसरा अटॉमायझर आणून त्यात ०.३२ ओहमची एकेरी कॉइल बांधीन.