मालवणच्या सहलीत जेवणाचे गणित कुठे चुकले?

रानजाई: गेल्या जूनच्या पहिल्या आठवड्यात, मुलांच्या शाळा सुरू होण्यापूर्वी, आम्ही सातजण तारकर्लीला गेलो होतो. पहिल्याच दुपारी मोठ्या हौसेने सुरमईची थाळी मागवली. फळ्यावर दराच्या जागी ‘बाजारभावाप्रमाणे’ असे लिहिले होते. तो भाव विचारण्याचे संकोचाने राहून गेले आणि शेवटी बिलाने घाम फोडला. एवढे करून तुकड्या बर्फातल्या, भुसभुशीत निघाल्या. रात्री धाकट्याने बांगड्याच्या तिखल्यातले तिरफळ, म्हणजे मसाल्याचे एक फळ, चावले आणि जीभ बधिर झाल्यामुळे बराच वेळ रडत बसला. दुसऱ्या दिवशी सासूबाईंची संकष्टी होती. ढगांमुळे चंद्र दिसला नाही, म्हणून पंचांगातील वेळ धरून आम्ही बाहेर पडलो, तोवर खानावळींच्या चुली विझल्या होत्या. केळी आणि दूध यांवर त्यांचा उपास सुटला. सुख लाभले ते अखेरच्या सकाळी, उतरलो होतो त्या घरच्या काकूंनी केलेल्या शिरवाळ्यांचे, म्हणजे तांदळाच्या शेवयांचे: गरम गोळे साच्यातून दाबायला सासूबाई स्वतः बसल्या आणि गूळ घातलेल्या नारळाच्या रसाबरोबर सर्वांनी ते पोटभर खाल्ले. दिवाळीत पुन्हा जाण्याचा विचार आहे. काय सांभाळावे?

खाडीकाठ: आपण गेलात तो काळच माशांचा नव्हता. 1 जून ते 31 जुलै या काळात राज्यात यांत्रिक नौकांना मासेमारीची बंदी असते, कारण तो माशांच्या प्रजननाचा हंगाम असतो आणि समुद्रही खवळलेला असतो. बिगरयांत्रिक होड्यांना ही बंदी लागू नसली, तरी त्यांच्या भरवशावर सुरमईची अपेक्षा धरू नये. त्या दिवसांत सुके बांगडे, सुकट किंवा काळ्या वाटाण्याचे सांबार मागवावे. दिवाळीच्या सुमारास मात्र ताजा बांगडा मुबलक मिळतो, आणि माझ्या मते तो सुरमईपेक्षा चवीला सरस असतो, जरी शहरातून आलेल्या पाहुण्यांना हे पटत नाही.

आगळ: तिरफळाचा दोष स्वयंपाक करणारीला देऊ नये. बांगडा, तारली अशा तेलकट माशांचा उग्र वास त्यानेच मारला जातो. बी काढून टाकून फक्त टरफल वापरतात आणि जेवताना ते ताटाच्या कडेला काढून ठेवतात. मुलांना हे आधी दाखवावे. जीभ बधिर झालीच, तर घोट घोट सोलकढी द्यावी. निदान रडे थांबते.

उकडातांदूळ: घरगुती खानावळीत सांगितले तेवढेच शिजते, म्हणून सातजणांच्या कोंबडी-वड्यांची वर्दी आदल्या रात्रीच द्यावी आणि माशाचा भाव त्याच वेळी विचारून घ्यावा, त्यात कुणाला राग येत नाही. संकष्टी असल्यास सासूबाईंचे पान झाकून ठेवायला सकाळीच सांगावे. आमच्याकडे असे पान ठेवण्याची रीतच आहे, मात्र ते मागावे लागते.

रानजाई: सर्वांचे आभार. संकष्टीची तारीख आजच दिनदर्शिकेत पाहिली. सुदैवाने ती आमच्या परतीनंतर येते. शिरवाळ्यांची वर्दी मात्र काकूंना आत्ताच फोनवरून दिली आहे.