मळीवर बॅसिलस मेगाटेरियम : ७२ तासांनी पीएचबी जातं कुठे?

शर्करा_कऱ्हाड
साखर कारखान्याची मळी (मोलॅसिस) वापरून बॅसिलस मेगाटेरियम या जिवाणूपासून पीएचबी (पॉलिहायड्रॉक्सीब्युटिरेट, जिवाणूच्या पेशीत साठणारं जैवप्लास्टिक) काढायचं आहे. २५० मिलीच्या फ्लास्कमध्ये १०० मिली माध्यम, लिटरला मळी ४० ग्रॅम, अमोनियम सल्फेट २ ग्रॅम, ३० अंश, १५० आरपीएम. २४ तासांनी सुदान ब्लॅक या रंगाने पेशींत काळे कण दिसतात, ७२ तासांनी जवळपास नाहीसे. मिळतं त्याची फिल्मही वाकवली की मोडते. मेगाटेरियमऐवजी क्युप्रियाव्हिडस नेकेटर हा जिवाणू घ्यावा का?

किण्वक
पीएचबी ही जिवाणूची शिदोरी आहे. बाहेरची साखर संपली की तो तीच खातो, आणि मेगाटेरियम बीजाणू धरतानाही ती वापरतो. २४ तासांनंतर दर ६ तासांनी नमुना काढा. मॅलाकाइट ग्रीन या रंगाने हिरवे बीजाणू दिसू लागले की उशीर झालाच समजा.

नत्रही जास्त होतंय; नत्र कमी पडलं आणि साखर उरली की जिवाणू पीएचबी साठवतो. ४० ग्रॅम मळीत साखर साधारण २० ग्रॅम, म्हणजे कार्बन ८.४ ग्रॅम. २ ग्रॅम अमोनियम सल्फेटमधून नत्र ०.४२ ग्रॅम. कार्बन-नत्र गुणोत्तर २०:१ आलं, त्यात मळीचं स्वतःचं नत्र धरलेलं नाही. अमोनियम सल्फेट १ ग्रॅमवर आणा. माध्यम ५० मिलीच भरा, नाहीतर हवा पुरत नाही.

सुदान ब्लॅक फक्त आहे-नाही सांगतो. मोजायचं तर क्रोटोनिक आम्लाची पद्धत वापरा : काढलेलं पीएचबी तीव्र सल्फ्युरिक आम्लात उकळत्या पाण्यावर १० मिनिटं ठेवा, गार करा, स्पेक्ट्रोफोटोमीटरवर २३५ नॅनोमीटरला वाचा. क्युव्हेट (नमुना ठेवायची छोटी नळी) क्वार्ट्झचंच हवं, साधी काच या तरंगलांबीला प्रकाश अडवते.

एच१६
नेकेटर घेऊ नका. त्याला सुक्रोज फोडताच येत नाही. त्याचा मूळ स्ट्रेन (वाण) एच१६ ग्लुकोजवरही नीट वाढत नाही, फ्रुक्टोज मात्र खातो. मळीचं आम्लाने विघटन केलंत तरी निम्मी साखर वाया. मेगाटेरियम सुक्रोज थेट वापरतो, हाच त्याचा मोठा फायदा.

मळी मात्र साफ करून घ्या. तेवढंच पाणी घाला, सल्फ्युरिक आम्लाने सामू ३ वर आणा, गरम करा, रात्रभर निवळू द्या. कॅल्शियम जिप्सम होऊन बराचसा खाली बसतो. वरचा द्राव सेंट्रिफ्यूज करून सामू ७ करा. ऑटोक्लेव्ह करताना मळी, फॉस्फेट आणि मॅग्नेशियम सल्फेट तिन्ही वेगवेगळे ठेवा. एकत्र केलेत तर साखर करपते, क्षार गढुळतात.

पॉलिमर_पुणे
फिल्म मोडणं हा शुद्ध पीएचबीचा स्वभावच आहे, कारण त्याची स्फटिकता खूप जास्त असते. ते वितळतं १७५ अंशांच्या आसपास आणि त्याच्या थोडंच वर विघटनही सुरू होतं, त्यामुळे साच्यात घालतानाही हात आखडता ठेवावा लागतो. लवचीकपणा हवा तर व्हॅलरेट हे वेगळं एकक पीएचबीच्या साखळीत शिरायला हवं. त्यासाठी वाढ जोमात आल्यावर सोडियम प्रोपिओनेट लिटरला १ ग्रॅमपासून सुरू करा. एकदम जास्त टाकलंत तर पेशी मरतात. ते साखळीत कितपत शिरतं हे स्ट्रेनवर ठरतं.

पेशींतून पीएचबी काढताना सोडियम हायपोक्लोराइटमध्ये पेशी ३७ अंशांना तासभरच ठेवा. जास्त वेळ राहिल्या तर साखळ्या तुटतात आणि फिल्म आणखी ठिसूळ होते. पुढे मिथेनॉल येणार आहे, म्हणून आधी पाण्याने दोनदा धुवाच : हायपोक्लोराइट आणि अल्कोहोल एकत्र येणं धोक्याचं. हायपोक्लोराइटच्या जवळ आम्लही नको, क्लोरीन सुटतो. मग क्लोरोफॉर्ममध्ये विरघळवा, गाळा, पाचपट थंड मिथेनॉलमध्ये ओता. हे सगळं फ्यूम हूडमध्येच.

फिल्म ओतल्यावर पेट्री डिश अर्धवट झाका. क्लोरोफॉर्म झपाट्याने उडाला तर बुडबुडे आणि भेगा पडतात.