पावसाळाभर बाईक बंद ठेवायची आहे, इंजिनाची तयारी कशी करू? (गोवा)

नमस्कार मंडळी, मी डिचोलीचा, बोटीवर असतो. मेच्या शेवटी जॉइन व्हायचंय, परत एकदम ऑक्टोबरात, म्हणजे चतुर्थी यंदापण हुकली. घरी बाबांची जुनी कार्बोरेटरवाली ३५० आहे आणि मागे ती चालवणारं कोणी नाही.

गेल्या वर्षी मी अतिशहाणपणा केला, अर्धी टाकी पेट्रोल तसंच ठेवलं आणि वरून प्लास्टिक ताडपत्री गच्च बांधून गेलो. आलो तर ताडपत्री आतून ओलीचिंब, सीटवर बुरशी, आणि टाकीत टॉर्च मारली तर पेट्रोलच्या वरचा उघडा पत्रा तेवढाच तांबूस, अगदी रेघ मारल्यासारखा. किक तर हलेचना. प्लगच्या भोकातून डिझेल ओतून दोन दिवस ठेवलं तेव्हा कुठे पिस्टन सुटला.

आता प्रश्न असा की टाकी फुल्ल ठेवू की रिकामी? पेट्रोलात २० टक्के इथेनॉल, ते हवेतलं पाणी ओढतं, आणि आपल्याकडे जुलैत हवेत दुसरं असतंच काय! ऑइल आत्ता बदलू की आल्यावर? आणि शेजारचा पोरगा म्हणतो दर रविवारी पाच मिनटं स्टार्ट करतो, करू देऊ का?

प्रतिसाद:
रविवारची पाच मिनटं अजिबात नको रे. पेट्रोल जळलं की पाणी तयार होतं, इंजिन नीट तापलं नाही तर ते ऑइलात आणि सायलेन्सरात बसतं, मग ऑइलचं झाकण उघडलंस की लोण्यासारखी पांढरी साय दिसते. ऑइल आत्ताच बदल, जुन्यात ॲसिड असतं. टाकी ताज्या पेट्रोलने भर, त्यात स्टॅबिलायझर (पेट्रोल खराब होऊ न देणारं औषध) टाक, दहा-पंधरा मिनटं फिरवून आण म्हणजे ते कार्बोरेटरपर्यंत पोचेल, मग पेट्रोलचा कॉक बंद करून खालच्या स्क्रूने कार्बोरेटरचा बाऊल (पेट्रोल साठतं ती वाटी) रिकामा कर. प्लग काढून चमचाभर इंजिन ऑइल आत, चावी बंद ठेवून हळू पाच-सहा किका. बॅटरी काढून घरात ठेव. सायलेन्सरचं तोंड बांध, नाहीतर कुंभारीण माशी आत मातीचं घर करते. प्लास्टिक नको, जुनी चादर घाल.

धागाकर्ता:
कुंभारणीचं डोक्यातच नव्हतं, आत्ता जाऊन बघितलं तर एक घर ऑलरेडी आहे 😄 सायलेन्सरवर लाल फडकं बांधतो, म्हणजे ऑक्टोबरात तसाच स्टार्ट मारणार नाही.